भट्टीत काही झालं तर पळायचं, की दारं लावून बसायचं?

चिंचणीची_सून (सोमवार, रात्री ९:४२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

आमचं घर चिंचणीला. गच्चीत वाळवण घालायला गेलं की तारापूरच्या अणुवीज केंद्राची धुराडी दिसतात. लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्याकडे बघून पोटात गोळा यायचा, आता पापड उलटताना लक्षही जात नाही. गेल्या आठवड्यात गावात आपत्कालीन सराव झाला. आधी भोंगा, मग जीपवरून सूचना: घरात जा, दारंखिडक्या लावा, पंखे-एसी बंद ठेवा, पाणी आणि अन्न झाकून ठेवा, पुढची सूचना येईपर्यंत बाहेर पडू नका.

रात्री जेवताना मुलगा (नववीत आहे) म्हणाला, "आई, खरंच काही झालं तर आपण गाडी काढून सरळ हायवेला लागायचं ना?" नवरा म्हणाला, अर्थात. सासूबाई ७९ वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले, दारात एक म्हैस आणि तिची पारडी. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. हिला सोडून मी येत नाही." पुढे ताक वाढेपर्यंत भांडण.

तर प्रश्न असा: जगात जिथे खरोखर असे अपघात झाले, तिथे पळालेल्यांचं काय झालं आणि थांबलेल्यांचं काय? अणुऊर्जा हवी की नको हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी जुने धागे आहेत.

काडीपेटी (रात्री ९:५०)

"वाद नको" असं लिहिलेले धागेच शंभरी गाठतात. खुर्ची टाकून बसलोय. खारे शेंगदाणे कुणाला हवेत?

अण्णा_बॉयलरवाले (रात्री १०:२६)

ताई, प्रश्न चांगला आहे, पण आधी अपघातात नेमकं होतं काय ते बघू. लोकांच्या डोक्यात हिरोशिमा असतं. भट्टीचा अणुबाँब होत नाही.

माझी ३४ वर्षं औष्णिक केंद्रात गेली. आमच्याकडे कोळसा थांबवला की आच गेली. अणुभट्टीचं तसं नाही. नियंत्रक कांड्या आत गेल्या, अणू फुटण्याची साखळी थांबली, तरी इंधनात साठलेली किरणोत्सारी द्रव्यं उष्णता देतच राहतात. बंद केल्या क्षणी पूर्ण ताकदीच्या ६-७ टक्के, दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं. जपानच्या फुकुशिमा दाइची केंद्राची १ नंबरची भट्टी त्यातल्या त्यात लहान, ४६० मेगावॅट विजेची. पण तिची उष्णता १३८० मेगावॅट. त्याचे ६ टक्के म्हणजे ८० मेगावॅटच्या वर. चूल विझवली तरी निखाऱ्यावरचं दूध उतू जातं, म्हणून आपण पातेलं उतरवतो. इथे पातेलं उतरवायची सोयच नाही. पाणी फिरवत राहायचं, तेही दिवसेंदिवस. आणि पाणी फिरवायला वीज लागते.

११ मार्च २०११ ला दुपारी २:४६ ला भूकंप झाला, चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या (१, २, ३) नीट बंद झाल्या. बाहेरून येणारी वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. पाऊण-एक तासात त्सुनामी आली. हिशेब धरला होता ५.७ मीटरचा, भट्ट्यांचं जोतं होतं १० मीटरवर आणि पाणी चढलं १४-१५ मीटरपर्यंत. जनरेटर बहुतेक तळघरात. संपलं.

मीटररूम (रात्री १०:४१)

तळघर! अण्णा, काळजाला हात घातलात. २६ जुलै २००५. कांदिवलीतल्या आमच्या तेव्हाच्या सोसायटीने त्याच वर्षी वर्गणी काढून जनरेटर घेतला होता, "लाईट गेली तर लिफ्ट आणि पंप चालायला हवा" म्हणून. ठेवला तळघरात, मीटररूमच्या शेजारी. पाणी आलं तेव्हा लाईट गेली, आणि लाईट गेल्यावर चालायचा तो जनरेटर कमरेएवढ्या पाण्यात. सेक्रेटरी जिन्यावर टॉर्च घेऊन उभे, खाली नुसते बुडबुडे.

पुढच्या सभेत दोन तास चर्चा होऊन नवा जनरेटर घ्यायचं ठरलं. कुठे ठेवला ओळखा.

काडीपेटी (रात्री १०:४३)

खिक्. जपानी लोक आपल्यापेक्षा वेगळे असतील हा माझा एक गोड गैरसमज होता.

अण्णा_बॉयलरवाले (रात्री ११:०५)

मीटररूम, याच्या पुढचं ऐका. तिथले दोन जनरेटर हवेने थंड होणारे, वेगळ्या इमारतीत, वर ठेवलेले होते. ते पाण्यात बंद पडले नाहीत. पण त्यांची वीज जिथून भट्ट्यांकडे जायची ते स्विचगियर खाली बुडालेलं. म्हणजे दुभती गाय दारात आणि चरवी विहिरीत. ६ नंबरच्या भट्टीचा असाच एक जनरेटर आणि त्याचं स्विचगियर दोन्ही वाचलं, त्यावर ५ आणि ६ तगल्या.

बाकीकडे कंट्रोल रूममध्ये अंधार. मीटर वाचायलासुद्धा वीज नाही. कर्मचाऱ्यांनी पार्किंगमधल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि मीटरला जोडल्या. इंधनावरचं झिर्कोनियमचं आवरण तापलं, वाफेशी भिडून हायड्रोजन झाला, तो वर छताखाली साठला. १२ तारखेला १ नंबरची इमारत उडाली, १४ ला ३ नंबरची, १५ ला ४ नंबरची. गंमत म्हणजे ४ नंबरच्या भट्टीत त्या वेळी इंधनच नव्हतं. शेजारच्या ३ नंबरचा हायड्रोजन सामाईक नळीतून तिकडे गेला होता. टीव्हीवर जो धूर दिसला तो हा.

सड्यावरचा (रात्री ११:४८)

धागाकर्तीने वाद नको म्हटलंय म्हणून एकच मुद्दा मांडतो. मी राजापूर तालुक्यातला. जैतापूर प्रकल्पाच्या वेळी आम्हाला काय सांगायचे? माडबनचा सडा (पठार) समुद्रापासून पंचवीसेक मीटर उंच, त्सुनामी येऊच शकत नाही, तुम्ही अडाणी आहात. नंतर मी फुकुशिमाबद्दल वाचलं. तिथेही मुळात सडाच होता हो! समुद्रापासून ३५ मीटर उंच. पाणी वर चढवायला खर्च येतो, खडक पक्का लागतो, म्हणून तो तासून १० मीटरवर आणला. त्यामुळे "जागा उंच आहे" हे उत्तर मला पुरत नाही. बांधून झाल्यावर किती उंच राहणार ते सांगा.

१८ एप्रिल २०११ ला, फुकुशिमाला सव्वा महिनाही झाला नव्हता, साखरी नाट्याला प्रकल्पविरोधी आंदोलनावरच्या गोळीबारात एक मच्छीमार गेला. ६ भट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅट, हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरांना पाठ आहेत. आम्ही प्रश्न विचारत होतो, नुसता नन्नाचा पाढा म्हणत नव्हतो.

गणिती_गण्या (मंगळवार, सकाळी ७:१५)

सड्यावरचा, भावना पोहोचल्या, पण आकडे बघा ना. फुकुशिमात किरणोत्सारामुळे झालेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एक, केंद्रातल्या कामगाराचा, फुफ्फुसाचा कॅन्सर, २०१८ मध्ये मान्य केला. कोळशाच्या धुराने दरवर्षी किती जातात? अण्णांच्या खात्यानेच मारलेत.

अण्णा_बॉयलरवाले (सकाळी ७:३२)

मारलेत म्हणण्यापेक्षा खोकायला लावलेत म्हणा. राखेचा भाग तुमचा बरोबर आहे, त्यावर मी भांडणार नाही. माझ्याच घरी दोन इनहेलर आहेत.

सड्यावरचा (सकाळी ८:०४)

गण्या, एक माणूस मेला म्हणून अपघात छोटा? गाव गेलं त्याचा आकडा कुठल्या रकान्यात टाकता?

तोहोकू_रिटर्न (सकाळी ९:२०)

हे वाचून लॉगिन केलंच. मी तेव्हा सेंदाईला शिकत होतो. केंद्रापासून साधारण ९५ किलोमीटर उत्तरेला.

भूकंपाचं सगळ्यांनी वाचलंय, ते सोडतो. संध्याकाळी बर्फ पडायला लागलं. लाईट नाही, पाणी नाही, फोन नाही. पहिले दोन दिवस अणुकेंद्राचं नावही कानावर नव्हतं, आम्ही रांगेत होतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने आतला माल बाहेर टेबलावर मांडला होता. गल्ला बंद, म्हणून प्रत्येकाला दहा वस्तू, मग ती काहीही असो, १०० येनला एक. माझ्या पुढच्या आजींनी नऊच उचलल्या. दहावीसाठी हात पुढे केला, मागे रांग बघितली आणि परत घेतला. मी नुडल्सची सहा पाकिटं आणि चार केळी घेतली होती. माझा हात मागे आला नाही, हेही लिहितो.

भट्टीची बातमी कळली ती एका गाडीतल्या रेडिओवर. मग भारतातून फोन लागायला लागले. आई रडत होती, "मुंबईच्या चॅनलवर दाखवतायत जपान संपलं." मित्रांपैकी अर्धे निघून गेले. मी थांबलो, कारण पेट्रोल नव्हतं. शौर्य वगैरे काही नाही.

आता ताईंच्या प्रश्नाचं. फुकुशिमात पळालेल्यांचंच फार वाईट झालं. ओकुमा गावात केंद्रापासून पाचेक किलोमीटरवर एक रुग्णालय होतं. तिथले अंथरुणाला खिळलेले म्हातारे रुग्ण बसमध्ये बसवले. बसमध्ये, ज्यांना बसताही येत नाही त्यांना! जवळच्या वाटा बंद, म्हणून वळसा घालत दोनशेहून जास्त किलोमीटर, दहा तासांच्या आसपास प्रवास, आणि शेवटी एका शाळेच्या व्यायामशाळेत उतरवलं. ते रुग्णालय आणि त्याचा वृद्धाश्रम मिळून चाळीसहून अधिक माणसं त्या महिन्यात गेली. किरणोत्साराने एकही नाही. थंडीने, तहानेने, सलाईन सुटल्याने.

पूर्ण फुकुशिमा प्रांतात भूकंप-त्सुनामीत थेट गेले ते १६०० च्या आसपास. आणि नंतरच्या विस्थापनात, निवाऱ्यांमधल्या हालात, आत्महत्यांत गेले म्हणून सरकारी नोंद झाली ते २३०० हून अधिक. बहुतेक वयस्कर. गण्या, तुमच्या एका आकड्याशेजारी हा आकडा ठेवायला हवा. सड्यावरचा, तुमचा रकाना हाच.

काडीपेटी (सकाळी ९:३१)

शेंगदाणे परत डब्यात ठेवले.

चिंचणीची_सून (सकाळी १०:१०)

तोहोकू, सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. म्हशीला पाणी दाखवायला गेल्या.

म्हणजे थांबायचं, असं समजू का?

डॉ_काढा (सकाळी ११:०२)

थांबा थांबा, इतक्या लवकर निष्कर्ष नको. चर्नोबिलमध्ये उलटं झालं होतं.

२६ एप्रिल १९८६, रात्री १:२३. प्रिप्यात हे ४९ हजार वस्तीचं शहर भट्टीपासून तीनेक किलोमीटरवर. शनिवार होता. पोरं शाळेत गेली, एकदोन लग्नंही लागली, लोक बाल्कनीतून धूर बघत होते. शहर रिकामं केलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी २ नंतर, हजाराहून जास्त बस लावून. तीन दिवसांची तयारी करा असं सांगितलेलं, म्हणून लोकांनी फोटोसुद्धा घेतले नाहीत. जगाला तर २८ तारखेला कळलं, तेही स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रातल्या कामगाराच्या बुटावर किरणोत्सार सापडला म्हणून.

पण माझ्या मते त्याहून मोठी चूक दुधाची. आयोडिन-१३१ गवतावर पडतं, गाय गवत खाते, पोर दूध पितं, आणि ते पोराच्या गळ्यातल्या थायरॉइडमध्ये जाऊन बसतं. त्याचं अर्धायुष्य ८ दिवस. म्हणजे दोनतीन महिने त्या भागातलं ताजं दूध मुलांना दिलं नसतं तरी पुष्कळ वाचले असते. २००५ पर्यंत तेव्हाच्या मुलांमध्ये थायरॉइड कॅन्सरचे ६००० हून जास्त रुग्ण झाले. उपचार होतो, त्यामुळे तोवर दगावले ते १५. पण गळ्यावर आडवी खूण घेऊन वाढलेली ती पिढी. पोलंडने शहाणपणा केला, काही दिवसांत १ कोटी ५ लाख मुलांना आयोडिन पाजलं.

तर ताई, म्हशीचं दूध हा तुमच्या घरातला खरा प्रश्न आहे. म्हशीला गोठ्यात ठेवा, आधी कापलेला झाकलेला चारा घाला, आणि तपासून "चालेल" म्हणेपर्यंत मुलाला त्या दिवसानंतरचं दूध नको.

आणि आयोडिनच्या गोळ्यांबद्दल. त्या फक्त थायरॉइडसाठी, फक्त किरणोत्सारी आयोडिनसाठी, आणि वेळेवर घेतल्या तर. सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्याला त्यांचा उपयोग शून्य. सांगितल्याशिवाय घेऊ नका. चाळिशीच्या पुढे फायदा कमी. २०११ मध्ये मला एक मेसेज आला होता, पाऊस आला की गळ्याला बीटाडीन फासा. फासून काही होत नाही, फक्त गळा तपकिरी होतो. आमच्या एका काकूंचा झाला होता.

निशाचर_वाचक (सकाळी ११:४०)

डॉक्टर, चर्नोबिलचे मृत्यू नक्की किती? कुठे ३१ वाचतो, कुठे लाख.

डॉ_काढा (दुपारी १२:१५)

दोन्हीकडे रागाने लिहितात. त्या रात्री आणि पुढच्या तीन-चार महिन्यांत भट्टीवरचे कामगार आणि बंबवाले मिळून तीसच्या आसपास. १३४ जणांना तीव्र किरणोत्सार-आजार झाला होता, त्यातले २८ त्याच वर्षी गेले. पुढचे कॅन्सर हा हिशेब आहे, मोजणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वाधिक बाधितांबद्दलच्या अंदाजात ४००० पर्यंत आहे. कुणाच्या शवावर चिठ्ठी नसते की हा चर्नोबिलचा.

अण्णा_बॉयलरवाले (दुपारी १२:५०)

आणि चर्नोबिलची भट्टी जातच वेगळी. आरबीएमके, सोव्हिएत बनावटीची. पाण्याची वाफ झाली की जगातल्या बहुतेक भट्ट्यांत साखळी मंदावते, ही उलट भडकायची. वर आणीबाणीचं बटण दाबल्यावर आत जाणाऱ्या कांड्यांची टोकं ग्राफाइटची, म्हणजे ब्रेक दाबला की आधी गाडी पुढे उसळणार. तिला पक्कं आवरणही नव्हतं. तरी त्याच केंद्रातली ३ नंबरची भट्टी शेजारी डिसेंबर २००० पर्यंत चालू होती हे वाचून मी दोनदा चष्मा पुसला होता.

गणिती_गण्या (दुपारी १:१०)

आपल्याकडच्या भट्ट्यांत असं काही झालेलं नाही हे कुणी लिहिणार आहे का?

सड्यावरचा (दुपारी १:१४)

असल्या वाक्यांनीच आमचं डोकं फिरतं. तुम्ही कुणाच्या पगारावर

संपादक (दुपारी १:३०)

वरचा प्रतिसाद अर्धा उडवला आहे. त्याखालचे दोन पूर्ण. मुद्द्यावर बोला.

अण्णा_बॉयलरवाले (दुपारी २:२०)

गण्या, झालंय. नरोरा. उत्तर प्रदेशात, गंगेच्या काठी. ३१ मार्च १९९३, पहाटे साडेतीनचा सुमार. टर्बाईनची दोन पाती तुटली. पाती तुटली की तोल जातो, सगळं यंत्र थरथरतं. जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन सुटला, तेल पेटलं, आणि आग केबलच्या वाटेने पळाली. मुख्य आणि राखीव केबल जवळजवळ टाकलेल्या, त्यामुळे दोन्ही गेल्या. १७ तास केंद्रात वीज नाही. कंट्रोल रूममध्ये धूर भरला, लोकांना बाहेर पडावं लागलं.

भट्टी बंद झाली होती, पण पाणी? तर आग विझवायचे डिझेलवर चालणारे पंप होते, त्यांनी बॉयलरमध्ये पाणी सोडलं. आणि काही जण हातात बॅटरी घेऊन भट्टीच्या इमारतीवर चढले, अंधारात झडपा हाताने उघडल्या, बोरॉनचं द्रावण आत सोडलं की साखळी परत सुरू होऊ नये. किरणोत्सार बाहेर आला नाही. आंतरराष्ट्रीय ७ पायऱ्यांच्या मापात ती ३ वर धरली गेली. चर्नोबिल आणि फुकुशिमा ७ वर.

टर्बाईनवर आयुष्य काढलेल्या माणसाला त्या पात्याचा आवाज ऐकू येतो. सांगून कळणार नाही. मशिन हॉलमध्ये उभं असताना पायाखालची जमीन एका सुरात गुणगुणत असते; तो सूर बदलला की पोटात आधी कळतं, मीटरवर नंतर. आमच्याकडे एकदा नुसती कंपनं वाढली होती तर फोरमन "भागो" म्हणून ओरडला होता. त्या पहाटे माणसं बाहेर न पळता वर चढली. पळायचं की थांबायचं या धाग्यात त्यांची नोंद असावी म्हणून लिहिलं.

मीटररूम (दुपारी २:३५)

अण्णा, __/\__

निशाचर_वाचक (दुपारी ३:०५)

मग जपानमध्ये कुणीच उंचीचा विचार केला नव्हता का? ८६९ सालीही तिथे मोठी त्सुनामी आली होती असं वाचलंय.

तोहोकू_रिटर्न (दुपारी ४:४०)

केला होता, आणि तो आमच्याच प्रांतात. ओनागावा केंद्र. भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ. तोहोकू वीज कंपनीत यानोसुके हिराई नावाचे ज्येष्ठ अभियंते होते, त्यांनी ८६९ च्या जोगान त्सुनामीचा दाखला देत जोतं उंच ठेवायचा हट्ट धरला. १४.८ मीटरवर बांधलं. खर्च वाढतो म्हणून लोक कुरकुरलेच असतील. २०११ ला तिथे १३ मीटरच्या आसपास लाट आली, जमीनच भूकंपाने एक मीटर खचली, तरी भट्ट्या वाचल्या. आजूबाजूची गावं वाहून गेली, तेव्हा तीनशेहून अधिक गावकरी आसऱ्याला आले ते अणुकेंद्राच्या व्यायामशाळेत. लोक अणुकेंद्राकडे पळाले, हेही या धाग्यात लिहून ठेवा.

आणि फुकुशिमावाल्यांच्या स्वतःच्या २००८ च्या आकडेमोडीत १५.७ मीटरची लाट निघाली होती. कागद फायलीत राहिला. २०१२ मध्ये जपानच्या संसदेने नेमलेल्या समितीने स्पष्ट लिहिलं की हा मानवनिर्मित अपघात आहे.

सड्यावरचा (दुपारी ४:५२)

ते वाक्य फ्रेम करून ठेवावं. मला हट्टी म्हणणाऱ्यांनी हिराईंबद्दल परत वाचावं.

गणिती_गण्या (दुपारी ५:०१)

वाचलं. हट्ट मान्य. फक्त त्यांनी केंद्र उंच बांधायचा हट्ट धरला, न बांधायचा नाही, एवढं नोंदवतो आणि पळतो.

सातपाटीकर (संध्याकाळी ७:४५)

दर्यावरून आत्ता आलो, सगळा धागा वाचला. सगळे पळायचं-थांबायचं बोलतात, वाऱ्याचं कोणीच बोलत नाही?

आमच्या किनाऱ्याला पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा. जे काय उडेल ते गावावरून आत डोंगराकडे जाणार. थंडीत पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरून दर्यात. दुपारनंतर खारा, दर्यातून जमिनीवर. गाडी काढून तुम्ही मनोरच्या दिशेने हायवेला जाणार आणि वाराही तिकडेच जाणार, मग काय उपयोग?

तोहोकू_रिटर्न (रात्री ८:१०)

सातपाटीकर, तुम्ही नामिए गावाचीच गोष्ट सांगितलीत. केंद्राच्या उत्तरेचं गाव. लोक किनाऱ्यापासून दूर, वायव्येला डोंगरात त्सुशिमा नावाच्या भागात गेले. शाळांत राहिले, पोरं बाहेर खेळली. आणि १५ तारखेला वारा नेमका वायव्येकडे वळला, वरून पाऊस-बर्फ, सगळं तिथेच खाली बसलं. वाऱ्याप्रमाणे किरणोत्सार कुठे जाईल ते सांगणारी संगणकप्रणाली सरकारकडे होती. तिचा नकाशा लोकांपुढे आला २३ मार्चला. त्याच दिशेच्या इताते गावाला तर निघायचा आदेश एप्रिलच्या २२ तारखेला. गाव २० किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर होतं ना!

नकाशावर कंपासने वर्तुळ काढतात. वाऱ्याला कंपास माहीत नसतो.

सातपाटीकर (रात्री ८:२२)

आणि ते पाणी सोडतात त्याचं काय? मासे?

तोहोकू_रिटर्न (रात्री ८:३६)

२४ ऑगस्ट २०२३ पासून सोडतायत. हजाराहून जास्त टाक्या भरल्या होत्या. गाळून बाकीची द्रव्यं काढतात, ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) निघत नाही कारण ते पाण्याचाच भाग होऊन बसतं, म्हणून समुद्राच्या पाण्यात मिसळून लिटरला १५०० बेकरेलच्या (हे किरणोत्साराचं माप) खाली आणून किलोमीटरभर आत सोडतात. शास्त्रीयदृष्ट्या मला त्यात भीती वाटत नाही. पण चीनने त्याच दिवशी जपानी मासळी बंद केली. तिथल्या कोळ्यांचा विरोध याच कारणाने होता: मासा चांगला असून बाजारात उठणार नाही.

सातपाटीकर (रात्री ८:४०)

ते आम्हाला सांगायला नको. अफवा आली की पापलेटसुद्धा पडून राहतं.

काडीपेटी (रात्री ८:५५)

आणि ते वितळलेलं इंधन काढलं की नाही आतून?

अण्णा_बॉयलरवाले (रात्री ९:१०)

तिन्ही मिळून ८८० टनांच्या आसपास आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिला तुकडा यंत्राने बाहेर आला. ०.७ ग्रॅम.

काडीपेटी (रात्री ९:१२)

सोनार घट धरतो त्याहून कमी. कापूसकोंड्याची गोष्ट झाली ही.

चिंचणीची_सून (बुधवार, सकाळी ६:५०)

सगळ्यांचे आभार. शंभरी झाली नाही, काडीपेटी, सॉरी.

काल रात्री घरात परत विषय निघाला. मुलाने वहीत लिहून काढलंय: भोंगा वाजला की आत. खिडक्या. म्हैस गोठ्यात, ताडपत्री. दूध नाही. वाऱ्याची दिशा सासूबाई सांगणार, कारण घरात ती त्यांनाच कळते. अंगणात उभ्या राहून पदर बघतात. सांगितलं तरच निघायचं, आणि निघायचं तर वाऱ्याला आडवं.

निघायचं ठरलं तर सासूबाईंचं काय, यावर मी विचारलं. म्हणाल्या, "त्या जपानच्या गायींचं काय केलं मग?" तोहोकू, ते तुम्ही लिहिलं नव्हतंत.

तोहोकू_रिटर्न (सकाळी ७:३०)

मुद्दाम लिहिलं नव्हतं. लोकांना वाटलं दोन दिवसांत परत येऊ, बऱ्याच गायी दाव्याला बांधलेल्याच राहिल्या. मे महिन्यात सरकारने २० किलोमीटरच्या आतली उरलेली जनावरं मारायचा आदेश काढला. काही शेतकऱ्यांनी ऐकलं नाही, चारा घालायला आत जात राहिले.

चिंचणीची_सून (सकाळी ७:४८)

सांगितलं त्यांना. म्हणाल्या, "दावं सोडून जायचं, एवढं लक्षात ठेवा." वहीत लिहिलंय.

आता एक व्यावहारिक प्रश्न. सूचना रेडिओवर येणार म्हणतात आणि आमच्या घरात रेडिओच नाही. लाईट गेली की टीव्ही बंद, मोबाईलचा टॉवर किती टिकेल देव जाणे. सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर आजकाल कुठे मिळतो?

मीटररूम (सकाळी ८:०२)

लॅमिंग्टन रोडला मिळेल. मोठ्या सेलचा घ्या, जास्त टिकतात. आणि माळ्यावर ठेवा हो, खाली नको.